मर्यादेचा आकडा



मला येथे बोलावताना चालकांच्या मनात बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय असावा. संगणकाच्या गाभ्यातल्या मर्यादेवर बोलतो असे मी कळविले, तेव्हा त्यांनी फोन करून विषय नीट ऐकला ना याची खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. दहावीपुढे न शिकलेल्या युनियनच्या माणसाचा संगणकाच्या पोटाशी संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो संबंध पगारकपातीतून आला, म्हणून कपातीपासूनच सुरुवात करतो.

गोष्ट २००१ सालची. सांगलीकडच्या एका कारखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे आज कारण नाही, कागदी हजेरी बंद होऊन गेटवर कार्डाची यंत्रे बसली. कामगाराने कार्ड फिरवायचे, यंत्राने आतल्या संगणकाला कळवायचे आणि त्याने वेळ नोंदवायची. काही महिने ठीक गेले. मग भरती वाढली आणि सकाळी सातच्या पाळीला तक्रारी येऊ लागल्या. माणूस पावणेसातला गेटवर, कार्ड तीन तीन वेळा फिरवतो, आणि महिनाअखेर पाहतो तर उशिराचा शेरा! तीन शेरे पडले की अर्ध्या दिवसाचा पगार जात असे. आम्ही निवेदन घेऊन गेलो. उत्तर आले, "आमच्या हातात काही नाही. संगणकाची मर्यादाच तेवढी आहे."

मंडळी, कामगारांत काम करणाऱ्याला हे वाक्य नवीन नसते. बाजाराची मर्यादा, बजेटची मर्यादा, वरच्या ऑफिसची मर्यादा ही आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. पण त्या मर्यादांमागे कोणी तरी माणूस असतो आणि आज ना उद्या तो टेबलापलीकडे येऊन बसतो. यंत्राशी वाटाघाट कशी करायची? आमचे जुने कार्यकर्तेही म्हणू लागले, की यंत्रापुढे इलाज नाही.

तो संगणक सांभाळायला ठेकेदाराकडचा एक मुलगा येत असे. त्याला मी चहाला गाठले.

"दादा, लिमिट आहे त्याला. पाचशे बारा," तो म्हणाला.

"घातली कोणी?"

"कोणी म्हणजे? आतच असते ती."

"आत म्हणजे कुठे? वाचता येईल अशी आहे का?"

तो हसला, पण पोरगा सरळ होता. दुसऱ्या पाळीनंतर त्याने मला पडद्यापुढे बसविले आणि एक छोटीशी फाइल उघडली. तिच्यात ५१२ हा आकडा इंग्रजीत स्वच्छ लिहिलेला होता. शेजारी कंसात टीपही होती, की या जातीच्या यंत्रावर हा आकडा सुमारे चार हजारांपर्यंत नेता येतो. खाली आणखी दोन ओळी होत्या. एका वापरकर्त्याला एकूण जागांपैकी निम्म्याच मिळतील, अशी एक. आणि शेवटच्या चार जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवाव्यात, अशी दुसरी. त्या रात्री माझ्या डोक्यात जो उजेड पडला, तो आजही तसाच आहे. जिला आम्ही यंत्राचा स्वभाव समजत होतो, ती कोणा माणसाने हाताने लिहिलेली ओळ होती.

आता ही ओळ कशाची, ते सांगतो. प्रत्येक संगणकात सगळी यंत्रणा चालविणारी एक मूळ कार्यप्रणाली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. अपशिंगे गावाला मिलिटरी हे उपनाव मिरवणाऱ्या या जिल्ह्यात कर्नल म्हटले की फौजेतला अधिकारी डोळ्यांपुढे येतो. पण हा कर्नेल निराळा, फळाच्या बीतला गर असतो तसा. त्याचे काम मुकादमाचे. संगणकात एका वेळी शेकडो कामे चालू असतात, त्यांतल्या प्रत्येक चालू कामाला प्रोसेस म्हणतात. कोणाला किती वेळ, कोणाला किती जागा, कोणी थांबायचे, कोणी पुढे यायचे, हे हा मुकादम ठरवितो. त्यासाठी त्याच्याजवळ एक हजेरीपट असतो. नवे काम जन्माला आले की त्याचे नाव पटावर चढते, संपले की उतरते. पटावर ओळ मोकळी नसेल, तर काम कितीही निकडीचे असो, ते जन्मालाच येत नाही.

जुन्या काळी हा पट छापील आणि बांधीव असे. युनिक्स नावाच्या प्रणालीची सहावी आवृत्ती १९७५ साली बाहेर पडली, तिच्या पटावर ५० ओळी होत्या. सातव्या आवृत्तीत एका माणसाला २५ कामांची मुभा होती. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहावयास घेतले, त्याच्या पहिल्या आवृत्तीत ६४ ओळी होत्या. १९९९ च्या जानेवारीत आलेल्या २.२ या आवृत्तीत त्या ५१२ होत्या. आमच्या कारखान्यात हीच मालिका चालत होती. हजेरीची सगळी कामे एकाच वापरकर्त्याच्या नावावर, म्हणून त्यांच्या वाट्याला निम्म्या, म्हणजे २५६ ओळी. कार्ड फिरले की एक प्रोसेस. सातच्या ठोक्याला माणसांची रीघ, आणि २५७ व्या माणसाचे कार्ड फिरले तरी त्याच्या नावाचे काम जन्मालाच येत नसे. तो गेटवर उभा होता याला दोनशे साक्षीदार होते; हजेरीपटाच्या लेखी मात्र तो तेथे नव्हताच.

असे ठरीव आकडे लिहिणारे लोक अडाणी होते काय? मुळीच नव्हेत. तेव्हा स्मरणजागा थोडी आणि महाग असे, आणि बांधीव पटातली ओळ शोधणे सोपे व जलद असते. पटावर चढलेल्या प्रत्येक कामासाठी गाभ्याला थोडी जागा अडवून ठेवावी लागते. त्या काळच्या इंटेल जातीच्या यंत्रावर ती दर कामामागे ८ किलोबाइट होती, आणि ती तात्पुरती डिस्कवर ढकलून देता येत नसे. आकडा लिहिला तेव्हा तो शहाणपणाचाच होता. घोटाळा पुढे होतो. यंत्रे बदलतात, गरजा बदलतात, लिहिणारा दुसरीकडे निघून जातो, आणि आकडा मागे राहून देवासारखा पुजला जातो.

टिपेत म्हटलेल्या चार हजारांची कथा तर याहून बोधप्रद आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक कोष्टक असते, त्यात ८१९२ घरे. त्यांतली १२ गाभ्याने इतर कारणांसाठी घेतलेली. लिनक्सची २.२ आवृत्ती दर कामाला दोन घरे देई. उरलेल्या ८१८० ला दोनाने भागा, ४०९० येतात. ही मात्र खरी, लोखंडी मर्यादा आहे असे कोणीही म्हणेल; सिलिकॉनमध्ये कोरलेली, तिच्यापुढे युनियनचे काय चालणार? पण २००१ च्या जानेवारीत २.४ ही आवृत्ती आली आणि तिने ही मर्यादाही उठविली. प्रोसेसरला हातसुद्धा लावला नाही. दर कामाला स्वतंत्र घर देण्याची पद्धत मोडून दर प्रोसेसरला घर दिले, आणि ज्या कामाची पाळी असेल त्याने ते वापरावे असे ठरविले. कारखान्यात प्रत्येक कामगाराला एकेक लेथ दिले तर शेड लगेच भरेल. लेथ पाळीपाळीने वापरले तर त्याच शेडमध्ये तिप्पट माणसे काम करतील. भिंत तीच राहिली, मांडणी बदलली. म्हणून कोणी लोखंडी मर्यादा दाखविली, तरी मी आधी मांडणी पाहतो.

आता आमच्या लढ्याकडे येतो. कारण माझे शहाणपण तेथे कमी पडले, आणि ते न सांगणे लबाडीचे होईल.

आम्ही पुन्हा निवेदन दिले. यावेळी त्यात फाइलचे नाव आणि ओळ लिहिली. साहेब चमकले. आकडा वाढवायला हुकूम झाला. तो गाभ्याच्या आत लिहिलेला असल्याने सारा गाभा नव्याने घडवावा लागे आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. एका रविवारी रात्री मुलाने ५१२ चे २०४८ केले. सोमवारी सर्वांची कार्डे घेतली गेली. गेटवर पेढे वाटले, आणि वाटणाऱ्यांत मी पुढे होतो.

गुरुवारी संगणक गुदमरला. सातच्या सुमारास कामे साठत गेली, ६४ मेगाबाइटची स्मरणजागा भरली, आणि यंत्र डिस्कवरून सामान आत-बाहेर नेण्यातच दमून गेले. त्या दिवशी कोणाचीच हजेरी लागली नाही. साहेब मला म्हणाले, "घ्या, काढली मर्यादा!" मान खाली घालण्यावाचून मला गत्यंतर नव्हते.

मग त्या मुलाने आणि मी पहिल्यांदा विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. कार्ड नोंदवायला क्षणभर पुरतो, तर अडीचशे कामे एकाच वेळी उभी का राहतात? शोधता शोधता निघाले असे, की सर्व कामे एकाच वहीत लिहीत, आणि एकाने लिहिताना दुसऱ्याने थांबायचे. नेमके पावणेसातला ऑफिससाठी आदल्या दिवसाचा अहवाल निघे, तो सारी वही अडवून बसे. त्यामुळे गेटवरची कामे रांग लावीत. अहवालाची वेळ पहाटे चारवर नेली. त्यानंतर सातच्या गर्दीतही एका वेळी तीस-चाळीसांपेक्षा जास्त कामे उभी राहिलेली मी पाहिली नाहीत. जुना ५१२ चा आकडासुद्धा पुरला असता!

मर्यादा हलविता येते, हे पहिल्या रात्री शिकलो. ती हलविली म्हणजे रोग गेला असे नव्हे, हे त्या गुरुवारी शिकलो. कापलेल्या पैशांपैकी दोन महिन्यांचे परत मिळाले. त्याआधीचे मिळाले नाहीत, कारण मर्यादेपुढे इलाज नाही असे म्हणत आम्हीच ते महिने जाऊ दिले होते.

गाभा लिहिणाऱ्यांनी पुढे काय केले, ते थोडक्यात पाहू. २.४ पासून पट बांधीव राहिला नाही. कागद जोडावे तशा ओळी वाढू लागल्या. एकूण किती कामे असावीत हा आकडा संगणक सुरू होताना स्मरणजागा मोजून ठरू लागला. पटाने फार तर किती हिस्सा अडवावा याचे प्रमाण घातले, ते आरंभी निम्मे आणि पुढे अष्टमांश. शिवाय हा आकडा चालू संगणकावर, काहीही बंद न करता, व्यवस्थापकाला बदलता येऊ लागला. आमच्या मुलाला जी रविवारची रात्र लागली, ते काम एका ओळीच्या आज्ञेवर आले. २०१० साली चालू असलेल्या दुसऱ्या कामाची मर्यादाही बाहेरून बदलण्याची सोय झाली. २००८ साली कामांचे गट करून दर गटाला स्मरणजागेचा वाटा ठरविण्याची सोय गाभ्यात आली, तिच्या कर्त्यांत आयबीएममधील आपल्या देशाचे अभियंते बलबीर सिंग होते. २०१५ साली गटागटाला कामांच्या संख्येची मर्यादा घालता आली. त्यात नियम असा, की पोटगटाने आपल्यापुरती कितीही मोठी मर्यादा लिहून घेतली, तरी वरच्या गटाची मर्यादा भरली की पोटगटालाही नवे काम मिळत नाही. तुमच्या खिशातल्या ॲन्ड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे.

कोणी म्हणेल, मग मर्यादा ठेवाच कशाला? ठेवावी लागते. एखादा खोडकर किंवा चुकलेला प्रोग्रॅम असा असतो, की तो स्वतःसारखी दोन कामे जन्माला घालतो. ती दोन प्रत्येकी आणखी दोन घालतात. दहा पिढ्यांत हजारावर, वीस पिढ्यांत दहा लाखांवर! काही क्षणांत सारा पट भरतो आणि सज्जन कामांना ओळ उरत नाही. एका वापरकर्त्यावरची मर्यादा म्हणजे बाकीच्यांचे संरक्षण. आणि त्या शेवटच्या चार जागा व्यवस्थापकासाठी राखलेल्या का, तेही आता ध्यानात येईल. घर पेटले तर विझविणाऱ्याला आत शिरायला दार हवे.

सांगलीकराला हे कोयनेवरून चटकन समजते. धरणाला दरवाजे नसते तर भिंतीवरून जाईल ते पाणी जाईल, कोणाला दोष नाही. दरवाजे आहेत म्हणून किती उचलायचे, केव्हा उचलायचे, खाली कोणाला कळवायचे, हे प्रश्न येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. हलविता येणारी मर्यादा ही सोय आहे, पण तिच्याबरोबर जबाबदारी येते. ठरीव भिंतीमागे लपता येते. दरवाजाच्या चाकावर हात ठेवलेल्याला लपता येत नाही.

आता या सर्वांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम सांगतो. तो १९८३ सालच्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सपासून चालत आलेला आहे. दर कामाला दोन मर्यादा असतात, एक नरम आणि एक कडक. नरम मर्यादा ते काम स्वतः खालीवर करू शकते, मात्र कडक मर्यादेच्या आत राहून. कडक मर्यादा त्याला खाली आणता येते. पण एकदा खाली आणली की साध्या कामाला ती पुन्हा वर नेता येत नाही. त्यासाठी व्यवस्थापकाचाच अधिकार लागतो. आणि जे काम त्याच्या पोटी जन्मते, त्याला ती खाली आलेली मर्यादाच वारशाने मिळते.

मी हे वाचले तेव्हा मला करारनाम्यांची आठवण झाली. अडचणीच्या वर्षी आम्ही एखादी सवलत आपल्या सहीने सोडतो, "एवढ्या वर्षापुरती" म्हणून. पुढल्या वर्षी ती मागायला जावे, तर तो अधिकार आपल्या हातात राहिलेला नसतो; आणि नव्याने लागलेल्या पोरांना तर अशी सवलत कधी होती हेही माहीत नसते. सही करण्यापूर्वी विचारावे, मी नरम मर्यादा खाली आणतो आहे की कडक?

कामाच्या तासांचेच पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली, तेव्हा सुट्टीवाचून काम हा गिरणीचा धर्मच मानला जात होता. १८९० साली ती सुट्टी मिळाली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवून दिवसाची मर्यादा १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल असे सांगितले. यात कोणाचे हित, याविषयी मतभेद आहेत. माझे मत मी लपवीत नाही, मी विरोधात आहे. पण आज मुद्दा एवढाच मांडतो, की तासांचा आकडासुद्धा माणसाच्या हातचा आहे. तो घालायला माणसे झगडली, आणि तो हलविणारीही माणसेच आहेत. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने दिलेली लेखी संमती नरम की कडक, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

म्हणून श्रोतेहो, कोठेही, बँकेच्या खिडकीवर, शाळेच्या प्रवेशाला, रेशनच्या दुकानात वा कारखान्याच्या गेटवर, कोणी म्हणाले की सिस्टिम घेत नाही, मर्यादा आहे, तर चार प्रश्न विचारा. हा आकडा कोणी लिहिला? कोणत्या काळी, कोणत्या यंत्राकडे पाहून लिहिला? तो बदलण्याचा अधिकार आज कोणाकडे आहे? आणि चौथा, जो मी विसरलो होतो: गर्दी मुळात का साठते आहे? पहिले तीन प्रश्न हक्काचे आहेत, चौथा अभ्यासाचा. हक्काशिवाय अभ्यास लुळा राहतो, आणि अभ्यासाशिवाय हक्काचे काय होते ते त्या गुरुवारी मी पाहिले.

तरुण श्रोत्यांना शेवटची विनंती. लिनक्सचा गाभा कोणालाही वाचावयास खुला आहे. त्याला फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. आमच्या सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात तो वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी कमवा आणि शिका हा धडा घालून दिला, त्या गावाला वाचनाची महती मी काय सांगावी? दहावी झालेल्या माणसाला ती फाइल सापडली, तर तुम्हांला न सापडण्याचे कारण नाही. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या असे आकडे लिहायला बसेल, तर त्याने शेजारी एक टीप अवश्य लिहावी, की हा आकडा का घातला आणि कुठवर नेता येतो. ५१२ शेजारी तशी टीप कोणी परक्या माणसाने लिहून ठेवली होती, म्हणून आमच्या लोकांचे दोन महिन्यांचे पैसे परत आले.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. माझ्या वेळेची मर्यादा नरम होती, ती मी थोडी ताणली; त्यांची घंटा कडक आहे. ती वाजण्यापूर्वी आपली रजा घेतो.